७६८ वजा ४

शनिवार, सकाळची शाळा. मोठ्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये, कारण तारीख २३ नोव्हेंबर २०२४, विधानसभेचा निकाल. महायुती कधीच दोनशेच्या पुढे गेली होती आणि पुण्यातल्या आमच्या मतदारसंघात मी ज्याला मत दिलं तो पार मागे पडला होता. शेजारच्या सरांनी डब्यातली पोळी मोडता मोडता विचारलं, "काय मॅडम, यंदाही वाया?"

'यंदाही' म्हणाले, कारण मी पुण्यात आल्यापासून विधानसभेला मत दिलेला एकही माणूस निवडून आलेला नाही. मी ज्याला मत देणार त्याने आधीच घरी बसावं, असा माझा स्टाफरूममध्ये लौकिक आहे.

मी हसून सोडून दिलं. पण 'वाया' हा शब्द आमच्या माहेरी मताबद्दल कोणी वापरत नाही. त्याला कारण आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची वही.

माहेर सांगोला तालुक्यातलं. आण्णा लाल बावट्याचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे), आणि वर्षानुवर्षं गावच्या बूथवर पक्षाचे एजंट. लाल कापडी पुठ्ठ्याची रोजमेळाची वही आहे. पुढून ज्वारी, डाळिंब, मजुरी, उसनवारी, मागून निवडणुका. साल, एकूण मतदार, झालेलं मतदान, 'आपली', 'त्यांची'. मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी गठ्ठे एकत्र मिसळत, त्यामुळे गावात कोणाला किती पडली ते नक्की कळायचं नाही. त्या वर्षांचे आकडे आण्णांनी पेन्सिलीने अंदाजे लिहिलेत. मशीन आल्यावर पेन आला.

शेकापचे गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, अकरा वेळा आमदार झाले हे महाराष्ट्राला माहीत आहे. आबा १९९५ ला पडले होते, हे आमच्या तालुक्याबाहेर फारसं कोणाच्या लक्षात नसतं. आण्णांच्या वहीत त्या ओळीपुढे शेरा नाही, शिवी नाही, नुसता आकडा. खालच्या ओळीत १९९९ आणि आबा परत आमदार. पण वरची ओळ खोडलेली नाही. मी लहानपणी विचारलं होतं, हरलेल्या वर्षाचं कशाला लिहायचं? तेव्हा म्हणाले, "उधारी लिहून ठिवत न्हाई व्हय आपण?"

आता २०१९. वय झाल्यामुळे आबा उभे नव्हते, नातू उभा होता. मतदान २१ ऑक्टोबरला, सोमवारी. दादा-वहिनी आणि त्यांची दोन्ही मुलं राहायला पुण्यात, नावं मात्र अजून गावच्या यादीत. दादा म्हणाला, "आबा नाहीत, आता काय राहिलं? आणि सोमवारसाठी कोण एवढं जाणार?" गेले नाहीत. शेकापची जागा ७६८ मतांनी गेली.

दिवाळीला सगळे गावी जमलो, तेव्हा आण्णांनी चकार शब्द काढला नाही. फराळानंतर वही काढून दादाच्या पुढ्यात उघडी ठेवली. २०१९ च्या ओळीपुढे लिहिलं होतं: ७६८ – ४ = ७६४. बाकीच्यांचं त्यांच्या त्यांच्या घरच्यांनी बघावं, असं बहुधा त्यांचं म्हणणं. दादाने करंजी अर्धी खाऊन ताटलीत ठेवली.

पण मला त्या चारपेक्षा दुसरंच काही सांगायचंय. त्या वर्षी शेकापला जवळपास लाखभर मतं पडली. (आपल्या भाषेत मतंही पडतात आणि उमेदवारही पडतो. गंमतच आहे.) २०२४ ला महाविकास आघाडीत सांगोल्याची जागा काही शेकापला सुटली नाही. तरी पक्ष स्वतःच्या हिमतीवर उभा राहिला. ती हिंमत त्या पडलेल्या लाखावरच तर उभी होती! 'काय झाडी, काय डोंगार' म्हणून देशभर गाजलेले आमदार हरले आणि देशमुखांच्याच घरातले बाबासाहेब निवडून आले. २८८ च्या सभागृहात शेकापचा तेवढा एकच माणूस. राज्यात पक्ष हरला म्हणायचं तर हरलाच की.

पुण्यात माझ्या वाट्याला एवढंही सुख नाही. तरी निकालानंतर मी फॉर्म २० ची वाट बघते. प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं, याचा तक्ता; निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर टाकतात, बरेचदा स्कॅन आडवं केलेलं, मान वाकडी करून वाचावं लागतं. हा कागद जिंकलेल्याकडेही असतो आणि तो आपल्यापेक्षा बारकाईने वाचतो. मागे ड्रेनेजच्या तक्रारीला आमच्या सोसायटीत आलेला कार्यकर्ता चहा पिता पिता सहज बोलून गेला, "तुमच्या बूथनं आम्हाला जरा दमवलंच." ड्रेनेजचं काम त्या महिन्यात झालं. उलटंही होतं, हे मला ठाऊक आहे; 'तुमच्या गावानं मतं दिली नाहीत, निधी कसला मागता' हेही याच कागदावरून ऐकवलं जातं. म्हणून तर अनेक बूथची बेरीज एकत्र दाखवणारं टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने सुचवलं होतं. ते अजून आलेलं नाही. पण या दोन्ही गोष्टींत हरलेलं मत कोणाच्या तरी डोळ्यात खुपतंय, हे खरं. घरी बसलेलं मत कोणाला खुपणार?

निकालाच्या संध्याकाळी आण्णांचा फोन आला. तिकडे गुलाल, हलगी, काही ऐकू येईना. मी अभिनंदन केलं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"तुज्या बूथवर किती पडली गं?"

"आण्णा, इकडं आपला माणूस पडला."

"त्ये टीव्हीवर बघितलं. बूथवर किती?"

"अजून कागद आला नाही."

"आला की सांग. वहीत तुजी ओळ मोकळी ठेवलीया."