चांदणीपाशी थांबायचं

शाळेचा विषय निघाला की आमच्या तुकडीतल्या बहुतेकांना नाताळचा गोठा आठवतो, स्नेहसंमेलन आठवतं, मैदानातलं चिंचेचं झाड आठवतं. मला आठवतात त्या एप्रिलमधल्या संध्याकाळी. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि शाळेमागच्या चर्चमध्ये दिवेलागणीला पास्काकाळाची, म्हणजे ईस्टरच्या दिवसांतली, संध्याप्रार्थना चाललेली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका समितीने लिहायला सांगितलं तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही.

ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ आपल्या वसईत लहानथोर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. राखेचा बुधवार, दर शुक्रवारी क्रूसाची वाट, मटण बंद, लग्नकार्य बंद. चाळीस दिवस माणसं नेटाने पाळतात. पण ईस्टरचा रविवार जेवूनखाऊन पार पडला की सोमवारी जो तो आपापल्या मार्गाला लागतो; कुणी वाडीत शिपणं करायला, कुणी चर्चगेटची गाडी पकडायला. सण त्या रविवारी सुरू होतो आणि पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो, हे आमच्या घरात तरी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. ते मला शाळेने दाखवलं, आणि त्याबद्दल मी शाळेचा कायमचा ऋणी आहे.

वसतिगृहाचे फादर हे सगळं घडवून आणत. वसतिगृहातली मुलं आणि रात्रीच्या अभ्यासिकेला थांबणारे आम्ही गावातले, अशी सगळी मंडळी घंटा झाली की चर्चमध्ये जायची. मुलगे डाव्या बाकांवर, मुली उजव्या. हातात सायक्लोस्टाइल केलेले कागद. त्यांची शाई बोटांना लागायची आणि मग परीक्षेच्या वहीवर तिचे ठसे उमटायचे. पेटीवर एक सूर धरला जाई आणि फादर सुरू करत, ‘देवा, माझ्या साहाय्याला ये.’ आम्ही उत्तर द्यायचो, ‘प्रभो, मला साहाय्य करायला त्वरा कर.’ मग गीत, दोन स्तोत्रं, बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं एक गीत, छोटंसं वाचन, मरियेचं स्तुतिगीत, विनंत्या, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. जगभरचे धर्मगुरू आणि मठवासी रोज संध्याकाळी जी प्रार्थना म्हणतात तीच आम्ही म्हणत होतो.

स्तोत्रं म्हणायची रीत आमच्या मराठीच्या बाईंनी शिकवली. एक ओळ मुलांनी, पुढची मुलींनी. प्रत्येक ओळीच्या मध्यावर एक बारीक चांदणी छापलेली असे. ‘चांदणीपाशी थांबायचं,’ बाई म्हणायच्या, ‘श्वास घ्यायचा, सगळ्यांचा एकदम झाला पाहिजे, मग पुढे.’ पहिल्या दिवशी नुसता गोंधळ. कुणी चांदणी ओलांडून पुढे धावे, कुणी मागे रेंगाळे. पण तीनचार दिवसांत असं व्हायचं की चांदणीपाशी सगळं चर्च एका क्षणापुरतं गप्प होई. त्या गप्पपणात माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकू यायची, आणि मग एका आवाजात दुसरा अर्धा. इतक्या जणांनी मिळून घेतलेला तो श्वास मला आजही प्रार्थनेचाच भाग वाटतो. कागदावर त्याच्यासाठी एक चांदणीच काय ती असते.

पास्काचे पहिले आठ दिवस चर्च एकच दिवस मानतं. म्हणून आठही संध्याकाळी बायबलमधली तीच स्तोत्रं, ११० आणि ११४. फादरांनी हे सांगितलं तेव्हा आम्हाला वाटलं, कंटाळा येणार. उलट पाठ झाल्यामुळे कागद खाली ठेवून म्हणता येऊ लागलं. ११४ वं आमचं सगळ्यांचं आवडतं. इस्राएल लोक मिसरातून बाहेर पडले तेव्हा समुद्र पाहून पळाला, यार्देन मागे फिरली, डोंगर मेंढ्यांसारखे उड्या मारू लागले. अर्नाळ्याची मुलं त्या ओळीला आवाज चढवायची. समुद्र मागे सरतो म्हणजे काय होतं, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळायचं. ओहोटीला होड्या कशा कलंडून चिखलात बसतात ते रोज बघणारी मुलं ती. फादर सांगायचे, हे ११४ वं स्तोत्र यहुदी लोक वल्हांडण सणाच्या जेवणाला म्हणतात, म्हणजे येशूनेही ते असंच पाठ करून म्हटलं असणार.

आणि प्रत्येक स्तोत्राच्या पालुपदाला आलेलुया. प्रायश्चित्तकाळात हा शब्द पूर्ण बंद असतो, तोंडातून निघत नाही. त्यामुळे ईस्टरनंतर तो म्हणताना घशात जोर यायचा.

त्या दिवसांत गुडघे टेकायचे नाहीत, हेही तेव्हाच कळलं. घरी जपमाळेची प्रार्थना म्हणताना आई गुडघ्यांवर, मग आम्हीही. इथे मात्र फादर उभं राहायला सांगायचे. इ.स. ३२५ मध्ये निकेया इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने नियमच घालून दिला होता: रविवारी आणि पास्का ते पेंटेकॉस्ट या काळात प्रार्थना उभ्याने करायची. उठलेल्या प्रभूची माणसं उभी राहतात. संध्याकाळच्या आंजेलुस या मरियेच्या प्रार्थनेच्या जागीही या पन्नास दिवसांत ‘स्वर्गाच्या राणी, आनंद कर’ ही प्रार्थना येते, तीही उभ्यानेच. हे घरी सांगितल्यावर आईने ते मनावर घेतलं आणि पुढच्या प्रत्येक पास्काकाळात आमच्या ओटीवर सगळे उभ्याने प्रार्थना म्हणू लागले. शेजारपाजारचे विचारायचे, तिला सांगायला आवडायचं.

वेदीपाशी पास्काची मेणबत्ती. तिच्यावर क्रूस, ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर, त्या सालचे चार आकडे, आणि येशूच्या पाच जखमांचे धुपाचे पाच खडे. समुद्राकडचं दार उघडं राहिलं की वाऱ्याने ज्योत आडवी व्हायची. दार लोटायची पाळी ठरलेली होती आणि ती मिळवायला भांडणं व्हायची.

आमच्याबरोबर बिगरख्रिस्ती मुलंही होती. सक्ती कुणावर नव्हती, पण बरेच येऊन मागच्या बाकावर बसत. माझ्या बाकावरचा जोडीदार घरी शुभंकरोती म्हणून मग अभ्यासिकेला यायचा. त्याने एकदा फादरांना विचारलं, ‘तुमच्यात दिवा लावताना काय म्हणतात?’ फादरांनी त्याला बसवून घेऊन सांगितलं की दिवेलागणीला म्हणायचं एक ग्रीक गीत ख्रिस्ती लोकांत फार जुनं आहे. चौथ्या शतकातल्या संत बासिलच्या काळातही ते जुनंच मानलं जायचं. दिवस मावळला, संध्येचा प्रकाश पाहिला, आता आम्ही तुझी स्तुती करतो, असं काहीसं. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ते आजही म्हणतात. जोडीदार दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, ‘आजीला सांगितलं. ती म्हणाली, मग बरोबर आहे.’

अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट मला त्या प्रार्थनेतच खऱ्या अर्थाने भेटली. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात आहे ती. पुनरुत्थानाच्याच दिवशी दोन शिष्य हताश होऊन यरुशलेमहून निघालेत, अकराएक किलोमीटरची वाट. सोबतचा प्रवासी येशू आहे हे त्यांना ओळखू येत नाही. गाव येतं आणि ते त्याला आग्रह करतात, संध्याकाळ झाली, दिवस उतरला, आमच्याकडेच राहा. आपल्या कोकणात दारात आलेल्याला तिन्हीसांजेला कुणी पुढे जाऊ देत नाही, तसंच अगदी. भाकर मोडताना ते त्याला ओळखतात. प्रभू खरोखर उठला आहे, हा आम्ही रोज संध्याकाळी म्हणत असू तो प्रतिसाद याच गोष्टीतला. परीक्षेत कुणाचा गणिताचा पेपर वाईट गेलेला असायचा, कुणाच्या घरी दारूवरून भांडण झालेलं असायचं. तो प्रतिसाद सगळ्यांना म्हणावा लागायचा. म्हणता म्हणता चेहरे बदललेले मी पाहिले आहेत.

मे महिन्यात वसतिगृह रिकामं व्हायचं. तरी प्रार्थना बंद नसे. गावातली मुलं, म्हाताऱ्या बाया, एखाददुसरा सुट्टीवर आलेला खलाशी. ईस्टर उशिरा आला तर पेंटेकॉस्ट जूनमध्ये जातो. अशा एका वर्षी पहिला पाऊस कौलांवर ताशासारखा वाजत होता आणि मरियेचं स्तुतिगीत आम्ही ओरडून म्हटलं.

माझी आई पास्काकाळातच गेली. तिची शवपेटी त्याच मेणबत्तीजवळ ठेवली होती. मिस्सा झाल्यावर भावंडांनी मिळून ११४ वं स्तोत्र म्हटलं, उभ्याने, चांदणीपाशी थांबत.

आता ही प्रार्थना शाळेत होत नाही. एप्रिलच्या संध्याकाळी मुलं क्लासला असतात, पालकांनाही वेळ नसतो, हे मी समजू शकतो. पण रविवार तर आहे. मुख्य सणांना आणि रविवारी संध्याप्रार्थना चर्चमध्ये सर्वांनी मिळून करावी, असं कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगून ठेवलं आहे. ईस्टर धरून पेंटेकॉस्टपर्यंत रविवार होतात आठ, आणि प्रार्थनेला लागतो जेमतेम अर्धा तास. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने हे पुन्हा सुरू करावं, अशी माझी शाळेच्या व्यवस्थापनाला मनापासून विनंती आहे. जुने कागद माझ्याकडे जपून ठेवलेले आहेत. चांदण्यांसकट नीट टाइप करून ते मी शाळेच्या कार्यालयात देतो. पेटी वाजवायला मी येईन, आमच्या तुकडीतले काही जण गायला तयार आहेत, आणि बाईंनीही येऊन मुलांची तालीम घेण्याचं कबूल केलं आहे.