दोन कऱ्हाड आणि हरवलेला अनुस्वार

माझा आधीचा कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेला बदल, २०१२ सालचा. त्यानंतरचा या जूनमधला. मधली वर्षं पुण्यातल्या तापकीर गल्लीत गेली. सासरचं इलेक्ट्रिकचं दुकान, गल्ल्यावर मी, मागे वायरची भेंडोळी आणि समोर 'ताई, सोळा अँपियरचा एमसीबी आहे का' विचारणारी गर्दी. दुकानाबद्दल तक्रार नाही. पण या काळात माझ्यासाठी कोड म्हणजे बिलाचं सॉफ्टवेअर अडकलं की ज्या मुलावर फोनवर ओरडायचं, त्या मुलाचं काम.

परत आले ती कुलवृत्तांतामुळे. ज्यांच्या घरात हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी सांगते: एका कुळाच्या सगळ्या शाखा, पिढ्या, जन्मसालं, शिक्षण, पत्ते असं सगळं एकत्र छापलेलं जाडजूड पुस्तक. आमच्या सासरच्या कुळाची मागची आवृत्ती २००८ ची, ६४० पानांची. नवी काढायचं ठरलं तेव्हा कळलं, की जुना मजकूर एका सीडीवर आहे खरा, पण युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या वळणाच्या फॉन्टमधला. फाइल उघडली की 'गणेश'च्या जागी फ्रेंच टोप्या घातलेली अक्षरं आणि एक पौंडाची खूण. मंडळाचे चिटणीस म्हणजे माझे चुलत सासरे, अण्णा. ते म्हणाले, "सगळं पुन्हा टाइप करून घेऊ. तू कॉम्प्युटरमधली होतीस ना? कुणी टायपिस्ट माहीत असेल तर सांग."

ते 'होतीस' मला लागलं. म्हटलं, "अण्णा, चार सोमवार द्या मला." सोमवारी आमचं दुकान बंद असतं.

आज अकरावा सोमवार आहे.

पहिल्या सोमवारी मराठीपर्यंत पोहोचलेच नाही. माझ्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव, 'पायथन', टाइप केलं तर अशी आज्ञाच नाही म्हणे. आता 'पायथन३' म्हणायचं. प्रिंटला कंस लागतात, आणि ते विसरलात तर तो स्वतःच विचारतो की कंस राहिले का. पायथन २ चा अधिकृत सांभाळ १ जानेवारी २०२० ला संपला. माझ्या हातातली भाषा मी दुकानात असताना वारली आणि मला साधं सुतकही लागलं नाही. पिपने, म्हणजे पायथनमध्ये तयार कोड बसवणाऱ्या साधनाने, एक लायब्ररी घालायला गेले तर लिनक्सने अडवलं, आधी त्या कामापुरती वेगळी जागा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, कर म्हणून. मग गिटहब, म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा. पासवर्ड बरोबर, दोनदा टाकला, तरी पुश होईना, म्हणजे कोड वर चढेना. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटसाठी पासवर्ड चालत नाही, टोकन किंवा एसएसएच की लागते, हे कळेपर्यंत दुपारचा चहा झाला होता. 'मास्टर' शाखेचं 'मेन' झालंय हे त्यानंतर.

बोटांना मात्र व्हीआय, कोड लिहायचा जुना एडिटर, आठवत होता. डोक्याला विचारलं असतं तर एक आज्ञा सांगता आली नसती, पण बोटं कोलन-डब्ल्यू-क्यू करून बरोबर बाहेर आली. त्या एका गोष्टीवर मी रात्री शांत झोपले.

खरं काम दुसऱ्या सोमवारपासून. फाइल विंडोज-१२५२ समजून वाचली (बाइटला, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्याला, अक्षर ठरवून देणारं हे एक कोष्टक), तर पहिल्याच पानावर एका बाइटला अडली. त्या कोष्टकात पाच जागा मोकळ्या आहेत, आणि फॉन्ट करणाऱ्याने मोकळी जागा बघून तिथेही अक्षरं बसवलेली. मग लॅटिन-१ हे दुसरं कोष्टक वापरलं; तिथे २५६ पैकी प्रत्येक बाइटला काहीतरी जागा असतेच, त्यामुळे वाचताना अडत नाही. अर्थ काय लावायचा तो आपला आपण लावायचा.

इथे एक कबुली. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, बाइट वेगळे आणि मजकूर वेगळा असं त्याने ठणकावून सांगितलं, तेव्हा मला ते उगाचचं सोवळं वाटलं होतं. हिंजवडीला आमच्या टीममध्ये सगळ्यांनाच वाटलं होतं. कामात इंग्रजीपलीकडचं अक्षर कधी आलंच नाही, तर वाटणार काय दुसरं! पाच भाषा बोलणारी आम्ही आठ माणसं होतो आणि आमच्यापैकी कुणाचीही भाषा आमच्या कोडमधून कधी गेली नाही. हे मला कुलवृत्तांत समोर ठेवून बसल्यावर सुचलं.

आता रफार. या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी, आणि रफार व्यंजनाच्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट: वेलांटी नंतर, आणि रफार म्हणजे आधी आलेला र आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण). दोन्ही खोडी एकाच नावात हव्या असतील तर 'कार्तिक' घ्या. फाइलमध्ये तो का, वेलांटी, त, रफार, क असा येतो. मी आधी वेलांटी त-च्या पुढे नेली, मग रफार एक घर मागे घेतला. पण वेलांटी मध्ये येऊन बसल्यामुळे एक घर पुरलं नाही. र आणि हलन्त घुसले त आणि वेलांटीच्या मध्ये, आणि स्क्रीनवर ते ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उगवलं. जोडाक्षर असेल तर, म्हणजे 'अर्घ्य'सारखं, आख्ख्या जोडाक्षरावरून उडी मारावी लागते. शेवटी नियम केला: रफार दिसला की मागे जात राहायचं, मात्रा ओलांडायच्या, एक व्यंजन ओलांडायचं, त्याच्या मागे हलन्त असेल तर त्याच्याही मागचं व्यंजन ओलांडायचं, आणि मग थांबायचं. सांगायला तीन ओळी, जमायला तीन सोमवार.

त्यातही 'मार्तंड' राहिला. आमच्या कुळात मार्तंड नावाचे नऊ जण, आणि नऊच्या नऊ 'मार्तड' झाले. कारण या फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार एकत्र असलेलं वेगळं चिन्ह आहे, आणि माझ्या कोष्टकात (फॉन्टमधलं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर याच्या यादीत) ते मी नुसता रफार म्हणून टाकलं होतं. सापडलं ते छापील पुस्तक मांडीवर घेऊन ओळ न ओळ ताडल्यामुळे. भाचा म्हणाला होता, "मामी, एआयला विचार, कशाला डोळे फोडतेस." विचारलं. त्याने क्षणात पूर्ण कोष्टक दिलं, मोठ्या आत्मविश्वासाने, भलत्याच फॉन्टचं.

पुढची गोष्ट माझ्या हट्टातून निघाली. पायथन ३ मध्ये फंक्शनचं नाव देवनागरीत ठेवता येतं हे कळल्यावर मला राहवेना. 'रफार_मागे_ने' हे फंक्शन छान चाललं. 'ऱ्हस्व_पुढे_ने' लिहिलं आणि पायथन फिस्कटला: न दिसणारं अवैध चिन्ह, क्रमांक २००डी. बघते तर ते झीरो विड्थ जॉइनर. माझा कळफलक ऱ्ह लिहिताना साधा र, हलन्त आणि हा अदृश्य जोडणारा अशी तीन चिन्हं टाकत होता. युनिकोडमध्ये या अर्ध्या र-साठी खालच्या टिंबाचा ऱ वेगळा आहे, क्रमांक ०९३१. दोन्ही रस्त्यांनी पडद्यावर अगदी एकच आकार उमटतो.

त्या रात्री जेवताना एकदम लक्षात आलं आणि हातातली भाकरी ताटात ठेवून उठले. गावांच्या सूचीत कऱ्हाड दोनदा येत होतं. एका कऱ्हाडात ४१ कुटुंबं, दुसऱ्यात ६. मी आठवडाभर समजत होते की सूची करणाऱ्या माझ्या कोडमध्ये काही चुकतंय. चूक कोडमध्ये नव्हतीच. ती ६ कुटुंबं मी स्वतः हाताने टाइप केली होती, नव्या माहितीची पत्रकं आली ती. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी लिखाणं एकरूप करणं, लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. हाताने बदल करावा लागला. तीच गत 'ॲड.'ची. आमच्याकडे वकील चिकार. एकत्र असलेला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला; त्याआधीची सवय म्हणजे अ लिहून त्यावर चंद्र. ही दोन रूपंही नॉर्मलायझेशनच्या दृष्टीने परकीच. वकिलांची सूची त्यामुळे दोन गटांत विभागली गेली होती, आणि हे अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, "ते तसे दोन गटांतच असतात."

हा सगळा रफाराचा आणि र-चा भाग मी एका छोट्या खुल्या प्रकल्पाला पाठवला. अनेक भारतीय लिप्यांचे जुने फॉन्ट बदलून देणारा प्रकल्प आहे. पूर्वी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलने पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. आता पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती, टाकली की माणसाच्या आधी यंत्रंच तपासून लाल फुल्या देतात. तपासणाऱ्या मुलाने फार नम्रपणे लिहिलं, "ताई, फंक्शनची नावं रोमनमध्ये करूया का? तमिळ आणि बंगालीवाल्यांनाही वाचता यायला हवीत." मला दोन दिवस राग होता. मग केली. त्याचं बरोबर होतं, आणि टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारी उदाहरणं) लिहायला लावल्या तेही बरोबर होतं. कार्तिक, अर्घ्य आणि मार्तंड आता तिथे कायमचे राहायला गेलेत. गप्पांत विषय निघाला तेव्हा मी त्याला सांगितलं, की मॉडेल कॉलनीत एसआयसीएसआर या कॉलेजमध्ये जीएनयूनिफाय ही मुक्त सॉफ्टवेअरची परिषद भरायची तिथे मी जायचे. तेव्हा तो दुसरीत होता.

नावांच्या क्रमाचं मात्र अजून मिटलेलं नाही. नुसता युनिकोडचा क्रम लावला तर क्षमा कौस्तुभच्या पाठोपाठ येते आणि ज्ञानेश्वर ज-मध्ये जाऊन बसतो. ळ तर ल आणि व-च्या मध्ये. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ह-च्या नंतर. तेवढं मी स्वतःची सॉर्ट की, म्हणजे क्रम ठरवणारा नियम, लिहून केलं. आयसीयू ही तयार लायब्ररी वापर असं सांगायला कुणीतरी टपलेलं असेलच. माहीत आहे मला ते. पण अडलंय ते लायब्ररीपाशी नाही, अनुस्वारापाशी. गंगाधर गजाननाच्या आधी की गौतमनंतर? अण्णा म्हणतात आधी. त्यांचे धाकटे बंधू म्हणतात, बाराखडीत गं हा गौ-च्या नंतर आहे, तेव्हा नंतर. या मुद्द्यावर दोघांनी मागच्या रविवारी सव्वा तास घेतला आणि चहाही वेगवेगळ्या खोल्यांत प्यायले. मी दोन्ही क्रम एका खुणेवर बदलता येतील असे करून ठेवलेत.

आजची स्थिती: ६४० पैकी ५१० पानं ताडून झाली. उरलेल्यांत नवंच दुखणं निघालं, आणि ते सापडलं माझ्याच नोंदीत. २००८ च्या आवृत्तीत आमच्या शाखेत माझं नाव आहे, माहेरच्या नावासकट, आणि पुढे पदवी. ती पदवी इंग्रजी अक्षरांत छापलेली होती. माझ्या प्रोग्रॅमने तीही मराठी समजून बदलली, आणि माझ्या नावापुढे एक अर्धा ण आणि एक उकार लोंबकळत राहिला. साध्या मजकुरात फॉन्ट कुठे बदलला याची खूणच उरत नाही, त्यामुळे कुठला बाइट इंग्रजी आणि कुठला मराठी हे कळायला मार्ग नाही. डॉक्टर, इंजिनियर, ईमेल पत्ते, सगळ्यांची हीच खिचडी. उपाय एकच दिसतोय: जुन्या मशीनवर मूळ फाइल उघडून ती आरटीएफमध्ये काढायची. त्यात प्रत्येक तुकड्याआधी फॉन्टचा क्रमांक लिहिलेला असतो, मग इंग्रजी तुकडे बाजूला ठेवता येतील.

जुनं मशीन मिळालंय, आमच्याच दुकानाच्या माळ्यावर. चालू होतं, पण सीडीचा ड्राइव्ह ट्रे बाहेर देत नाही. तो टाचणीने उघडायचं काम पुढच्या सोमवारी. या फॉन्टच्या तिरक्या वळणाचं कोष्टक कुणी आधी केलं असेल तर जरूर कळवा. प्रत्येक शाखेच्या मूळ पुरुषाचं नाव त्या वळणात आहे.