काकांची जावा माझ्या नावावर होईपर्यंत

इंदूरमध्ये चांगल्या स्थितीतली जुनी जावा मोटारसायकल शोधायला मी निघालो, तेव्हा गाडीपेक्षा तिचे कागदच मला अधिक काळ गुंतवून ठेवतील, अशी कल्पना नव्हती. पहिली गाडी एका विक्रेत्याकडे पाहिली. टाकीवरचा क्रोम लखलखत होता आणि किंमतही आवाक्यातली होती. परंतु चेसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, क्रमांकाभोवतीचा पत्रा कानशीने घासल्यासारखा सपाट होता आणि आकडे एका ओळीत नव्हते. क्रमांक पुन्हा ठोकलेल्या गाडीची ओळखच संशयास्पद ठरते, म्हणून मी तिथून परतलो.

दुसरी गाडी आमच्याच रामबागेत, शेजारच्या काकूंच्या ओसरीत ताडपत्रीखाली उभी होती. 1967 सालची, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, 250 सीसीची. काका जाऊन अकरा वर्षे झाली होती. "विकायची म्हणून नाही ठेवली रे," काकू म्हणाल्या, "पण चालवणारा मिळाला तर देईन." एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि गिअरचा दांडा आत दाबून मागे फिरवला की त्याचीच किक होते, ही या गाडीची रचना मला लहानपणापासून मोहवत आली आहे. तरीही त्या दिवशी मी किक मारली नाही. आधी चेसिस क्रमांकासाठी हँडलखालच्या नळीवरचा जाड रंग जपून खरवडला, त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली आणि उमटलेले आकडे आरसी पुस्तकाशी पडताळले. इंजिनाच्या क्रमांकाचेही तसेच केले. दोन्ही जुळले.

खरी अडचण पुढे होती. पुस्तक काकांच्या नावावर होते, त्यामुळे काकूंची सही थेट मला गाडी देऊ शकत नव्हती. फॉर्म 31 भरून गाडी आधी वारसाच्या, म्हणजे काकूंच्या नावावर करावी लागते, आणि त्यानंतरच फॉर्म 29 व 30 भरून ती खरेदीदाराच्या नावावर होते. मृत्यूचा दाखला काकूंकडे होता. पुण्यातल्या मुलीचे आणि इथल्या मुलाचे हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र मिळवण्यात मात्र महिना गेला. दोघांनीही ते आनंदाने दिले, याचे मला आजही समाधान वाटते. एवढ्यानेही भागले नाही, कारण इतकी जुनी नोंद संगणकात चढलेलीच नव्हती. मूळ पुस्तक दाखवून ती चढवून घेतल्याशिवाय कोणताही अर्ज पुढे सरकत नव्हता. ते जीर्ण पुस्तक काकूंनी जपले नसते, तर हा सगळा व्यवहार तिथेच थांबला असता. म्हणूनच, 'पुस्तक हरवले आहे, नंतर काढून देऊ' असे सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

याच काळात एका मित्राने विंटेज नोंदणी सुचवली. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला ती मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षे असते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला ती रविवारी सकाळी राजवाड्यापर्यंत न्यायची होती, म्हणून मी साध्या नोंदणीचेच पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. त्यासाठी विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष तपासणी आवश्यक होती. तपासणीच्या आधी ब्रेकचे लायनर बदलले आणि सहा व्होल्टची वायरिंग पूर्ण नवी केली, कारण जुन्या तारांचे आवरण हात लावताच गळून पडत होते.

माझ्या नावाचे आरसी कार्ड आले, तेव्हा काकूंना वचन दिल्याप्रमाणे पहिल्यांदा गाडी त्यांच्याच दारात सुरू केली. मरून रंग अजून काकांच्या वेळचाच आहे. क्रमांकासाठी खरवडलेल्या जागेवर मी फक्त पारदर्शक वार्निश दिले आहे.