आशय शेवटी: ‘औदुंबर’ आणि ‘पिपांत मेले’ची वही कुठवर आली

कविता ओळीओळीने लावून पाहण्याच्या या वहीत दोन कविता लावून झाल्या, तिसरी सुरू आहे. पहिली बालकवींची आठ ओळींची ‘औदुंबर’. दुसरी मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’, १९४७च्या ‘काही कविता’ या संग्रहातली. जोडी मुद्दाम निवडलेली आहे. एकीवर ‘निसर्गचित्र’ असा शिक्का बसलेला, दुसरीवर ‘निराशा’ असा, आणि शिक्का आधी डोक्यात असला की कविता वाचायची राहूनच जाते. म्हणून या वहीत आशयाचं पान सगळ्यांत शेवटी उघडायचं. आधी मात्रा, मग व्याकरण, मग प्रतिमा. या क्रमाने गेल्यावर दोन्ही कवितांत जे सापडलं, ते शिक्क्यांपेक्षा बरंच नेमकं आहे.

मांडणी साधी आहे. कविता हाताने उतरवायची, प्रत्येक ओळीखाली तीन ओळी मोकळ्या सोडायच्या. पहिलीत लघु-गुरूच्या खुणा (लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ), दुसरीत क्रियापद आणि त्याचा कर्ता, तिसरीत शंका. छापील पानाची प्रत चिकटवून भागत नाही. हाताने लिहिताना प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ बोटांखालून जातो, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मात्रा

मात्रा म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ: लघूची १, गुरूची २. ‘औदुंबर’ची तिसरी ओळ घ्या: चार घरांचे | गाव चिमुकले | पैल टेकडी | कडे. ८, ८, ८ आणि शेवटी ३, एकूण २७. आठही ओळी याच चालीत बसतात. पण पहिल्या मोजणीत चौथी आणि सहावी ओळ हमखास २८ भरते, आणि मग ‘इथे कवीने सूट घेतली’ असा शेरा लिहायचा मोह होतो. सूट कुठेही नाही. चूक जोडाक्षराची आहे. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू होतं ते त्यावर आघात पडला तरच. ‘शेतमळ्यांची’मधला ‘म’ आणि ‘हिरव्या’मधला ‘र’ यांवर आघात नाही, म्हणून ते लघुच. याउलट मर्ढेकरांच्या ‘आसक्तीविण’मध्ये ‘स’ला ‘क्’ येऊन भिडतो, आस‌क्‌-ती, म्हणून तो ‘स’ गुरू. त्याच ओळीतल्या ‘पडल्या’चा ‘ड’ मात्र लघु. ‘माना पडल्या, आसक्तीविण’ ही एक ओळ मोठ्याने म्हणून पाहिली तर नियमाच्या दोन्ही बाजू कानाला एकदम कळतात. नव्याने मोजायला बसणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी.

दुसरी अडचण ओळीच्या शेवटाची. ‘पसरी लाटांवर’ मोजलं तर १०च येतात. चरणाच्या शेवटचं लघु अक्षर लांबवून गुरू धरता येतं, तसं धरलं की ८ अधिक ३ अशा ११ पुरे. पण हे डोळे मिटून सगळीकडे लावायचं नाही. ‘हिरवाळी घेऊन’मध्ये ‘ऊ’ दीर्घ आहे, ११ आधीच भरल्या, शेवटचा ‘न’ लघुच ठेवायचा. पुढच्या ओळीत ‘बेटाबेटांतुन’ असा ऱ्हस्व ‘तु’ छापलेला असेल तर तिथला ‘न’ लांबवावा लागतो, ‘तून’ असेल तर नाही.

तिसरी, आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारी: प्रतीतलं शुद्धलेखन. मर्ढेकरांची ओळ ‘पिपांत मेले | ओल्या उंदिर’ अशी ८ अधिक ८. ती कुठे ‘उंदीर’ अशी सुधारून छापलेली असेल तर १७ मात्रा होतात आणि चाल लंगडते. प्रमाणलेखनात ‘उंदीर’ बरोबर आहे, पण या ओळीत ते चूक आहे. याच कवितेत ‘धुऊन घेउन’ असे दोन शब्द शेजारी येतात, पहिल्यात दीर्घ ‘ऊ’, दुसऱ्यात ऱ्हस्व ‘उ’. तो मुद्रणदोष समजून सारखा करू नये: १+२+१ आणि २+१+१, बरोबर ८. बालकवींना त्यांच्या ओळीत ‘घेऊन’ हवा होता, मर्ढेकरांना ‘घेउन’. एकाच क्रियापदाची ही दोन रूपं वहीत समोरासमोर लिहून ठेवण्यासारखी आहेत. १९६२च्या लेखननियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याने मात्रांना धक्का लागत नाही. पण ‘उं’, ‘दुं’ यांचा अनुस्वार उच्चारला जातो, आणि त्यामुळेच ती अक्षरं गुरू होतात. हा फरक जपायचा.

‘औदुंबर’: रेघा कुठे पडतात

मात्रा बरोबर आल्यावर ८-८-८-३ अशा उभ्या रेघा मारायच्या आणि त्या शब्दांच्या मध्ये पडतात की शब्दाच्या पोटातून जातात ते पाहायचं. आतापर्यंतच्या कामातला हा सर्वांत फळलेला भाग.

पहिल्या चार ओळींत पहिल्या दोन रेघा शब्द संपल्यावरच पडतात: ऐल तटावर | पैल तटावर, निळासावळा | झरा वाहतो. सगळं मोकळं, सुटसुटीत. पाचव्या ओळीत या दोहोंतली एक रेघ प्रथमच शब्द चिरते: पायवाट पां|ढरी तयांतुनि | अडवीतिडवी | पडे. वाट अडवीतिडवी आहे असं ओळ सांगते, आणि ते सांगण्याआधीच तिचा ताल वाकडा झालेला असतो. सहाव्या ओळीत वळण थोडं निवळतं, चीर शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये येते: हिरव्या कुरणा|मधुनि चालली. सातवीपासून पहिल्या दोन रेघा पुन्हा सरळ. हे कवीने ठरवून केलं की कानाने झालं, हा प्रश्न वहीत नको. ओळीत ते आहे, एवढं पुरे.

सातव्या ओळीत तर रेघ अर्थाचा निकाल लावते. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा’ यात गोड काय, जळ की काळिमा? रेघ ‘जळ’नंतर पडते, म्हणजे ‘गोड काळिमा’ हा एक घास आहे. ‘गोड पाणी’ असा अर्थ लावणारं टिपण त्यामुळे खोडलं. ‘पसरी’चा कर्ता मात्र खुला ठेवला आहे. काळिमा स्वतः पसरतो, की पुढच्या ओळीच्या शेवटी येणारा औदुंबर तो पसरतो? व्याकरण दोन्ही चालवून घेतं. ‘झाकळुनी’ला कर्ता हवा म्हणून दुसऱ्याकडे कल जास्त. म्हणजे झाडाची सावली आधी दिसते, झाड नंतर.

यमकांची वाटणी २+४+२ आहे. ‘घेऊन / तुन’ ही जोडी, मग ‘टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे’ असा चार ओळींचा सलग ठोका, मग ‘लाटांवर / औदुंबर’. आता दृश्याची वाटणी पाहा: दोन ओळी झरा, चार ओळी जमीन, दोन ओळी पुन्हा पाणी. तंतोतंत तीच. मधल्या चार ओळी टेकडीकडे सुरू होतात आणि डोहाकडे संपतात, त्याच ‘कडे’वर.

रंगांची यादी छोटी आहे, पण ओळवार लावली तरच बोलते. १ हिरवाळी, २ निळासावळा, ४ हिरवी, ५ पांढरी, ६ हिरव्या आणि काळ्या, ७ काळिमा. तिसऱ्या आणि आठव्या ओळीत रंगच नाही. सहावी ओळ हिरव्यात सुरू होऊन काळ्यात संपते, आणि त्यानंतर हिरवा परत येत नाही. नुसते ‘हिरवा ३, काळा २’ असे आकडे लिहिले असते तर हा उतार हाती लागला नसता. मोजणीला जागा जोडल्याशिवाय ती निरुपयोगी, हे इथे पक्कं झालं.

आणि क्रियापदं: वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, शेवटी बसला. झरा वाहतो, वाट चालते. चार घरांचं गाव आहे, पण माणूस एकही नाही. माणसाच्या क्रिया वाटेला आणि झाडाला दिल्या आहेत. अलंकाराचं नाव चेतनगुणोक्ती, पण नाव लिहून थांबू नये. कोणाच्या क्रिया कोणाला दिल्या आणि मूळ मालक कवितेत आहे का, हे तपासायचं. इथे तो नाही.

‘असला’ या शब्दावर एक पूर्ण पान खर्ची पडलं आणि ते सार्थकी लागलं. ‘बसला असला औदुंबर.’ असला म्हणजे असा, या प्रकारचा. बोट दाखवणारा शब्द. पण सात ओळींत झाडाचं वर्णन कुठे झालं? पान नाही, खोड नाही, फळ नाही. वर्णन झालं ते सभोवतालचं. म्हणजे हा ‘असला’ त्या सगळ्या सभोवतालाकडे बोट करतो: झाड कसं आहे ते त्याच्याकडे काय काय चालत येतं यावरून ओळखा.

‘पिपांत मेले’: सुरुवात विभक्तीपासून

इथली पहिली चूक पहिल्याच ओळीत होते. ‘ओल्या उंदिर’ असं सलग वाचून ‘ओले उंदीर मेले’ असा अर्थ लिहिला जातो. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, ते ‘पिपांत’शी जुळतं: ओल्या पिपांत. उंदरांचं विशेषण असतं तर ‘ओले’ आलं असतं. ओल पिपाला आहे. शब्द मात्र उंदरांना चिकटवून ठेवलाय, त्यामुळे ओल दोघांना लागते. आधी अन्वय (शब्दांचा सरळ क्रम) लावायचा, मग तो मोडल्याने काय साधलं ते पाहायचं. उलट केलं तर दोन्ही हातचं जातं.

मग ‘विण’. माना पडल्या मुरगळल्याविण, माना पडल्या आसक्तीविण. परिणाम दिसतो, कारण काढून घेतलेलं आहे. ‘मुरगळणं’ दुसऱ्याने करायचं, ‘आसक्ती’ स्वतःची असायची, दोन्ही नाहीत. ‘उंदीर म्हणजे माणूस’ असं समीकरण इथे घाईने मांडलं जातं. त्यापेक्षा शब्दांचे दोन रकाने करावेत. बीळ, पीप हे उंदराकडचे. आसक्ती, सक्ती, उदासता हे माणसाकडचे. मान, ओठ, डोळे दोन्हीकडे जाणारे. ‘जणू’, ‘सारखे’, ‘परी’ यांपैकी एकही शब्द कवितेत नाही. तुलना केलेलीच नाही, दोन रकाने एकमेकांत सांडू दिले आहेत.

‘ओठांवरती’ तीनदा येतो: ओठ मिळाले, पोळे जमले, ओठ लागले. ‘मिळाले’चं ‘लागले’ झालं, ते नजरेतून निसटू नये. मिळण्यात दोघे असतात, लागणं नुसतं टेकल्यानेही होतं. मधल्या ठिकाणी ‘मधाळ पोळे’ येतं आणि लगेच ‘बेकलाइटी, बेकलाइटी’. या शब्दासाठी वस्तू माहीत हवी. बेकलाइट हे लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये बनवलेलं कृत्रिम प्लास्टिक. विजेची बटणं, टेलिफोन त्याचे होत. एकदा तापवून घट्ट झालं की ते पुन्हा वितळत नाही. मधाचं पोळं मेणाचं, उबेने मऊ होणारं. ओठांवर जमलेलं हे पोळं मऊ होण्याची शक्यताच संपलेली आहे. ‘कृत्रिमतेचं प्रतीक’ एवढं लिहून पुढे गेलं तर प्रतिमेतला हा कठीणपणा सुटतो.

रचनेत एक जागा लक्ष देण्यासारखी. ‘काचेचे पण;’ आणि ‘मधाळ पोळे’ या दोन तुटक ओळी छापलेल्या दिसतात. मोजा: ८ आणि ८. एक पूर्ण ओळ कागदावर तोडली आहे, चालीत तुटलेली नाही. डोळ्याला वाटतं कविता मोकळी झाली, कान सांगतो ठोका चालूच आहे. ‘जगायची पण सक्ती आहे, / मरायची पण सक्ती आहे’ नंतर एकच ओळ सोडून हे यावं, हे महत्त्वाचं.

आशयाचं पान

इथे दोन्ही कवितांची पानं शेजारी ठेवली. दोघांचाही पाया ८ मात्रांचाच. बालकवींच्या ओळीला ३ मात्रांची शेपटी आहे, तिच्यानंतर पुढची ओळ येईपर्यंत विसावा मिळतो. ‘औदुं|बर’ म्हणताना नाव त्या विसाव्यात जाऊन बसतं. मर्ढेकरांच्या ओळीला शेपटी नाही. ८ नंतर ८, नंतर पुन्हा ८, थांबायला जागाच नाही, आणि अखेर ‘न्हाले ! न्हाले !’ अशी एकाच शब्दाची द्विरुक्ती. फक्त वृत्तावरून हा निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता. १६ मात्रांच्या याच चालीत प्रसन्न कविताही भरपूर आहेत. ‘विण’, ‘सक्ती’ आणि बेकलाइट यांच्यासोबत ती चाल आली म्हणून ती इथे यंत्रासारखी वाजते.

‘औदुंबर’च्या पानावर सध्या एवढं लिहिलं आहे: चालणारं सगळं एका बसलेल्याकडे येतं, आणि तिथला काळोख गोड आहे. योगी, मृत्यू, उदासी हे तिन्ही अर्थ लोकांनी लावले आहेत. तिघांनाही ‘गोड’चा हिशेब द्यावा लागेल. दत्ताचं झाड म्हणून भक्तीचा अर्थ लावायला आठ ओळींत एकही शब्द आधार देत नाही, तो अर्थ तूर्त बाजूला. ‘पिपांत’च्या पानावर: कर्ता काढून घेतल्यावर उरलेल्या क्रिया. ‘निराशा’ हा शब्द दोन्ही पानांवर नाही.

तिसरं काम तुकारामांच्या ‘वृक्ष वल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ या अभंगाचं. मात्रा मोजायची सवय इथे सोडावी लागते. अभंगात अक्षरं मोजायची, मोठ्या अभंगाला ६-६-६-४. वृक्ष वल्ली आम्हां ६, पक्षी ही सुस्वरें ६, आळविती ४. मधला खंड ‘सोयरीं वनचरें’ ७ भरतो. म्हणताना ‘वन्‌चरें’ होऊन ६ होतात. पुढच्या कडव्यांत असे किती खंड वाढीव आहेत आणि ते कुठल्या शब्दांवर येतात, ती यादी चालू आहे.