कोण गेलं हो?

सकाळचे सव्वानऊ. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या आमच्या गल्लीत अण्णांच्या चहाच्या टपरीला लागून एक गाळा आहे, तो साडेदहाशिवाय उघडत नाही. गाळेवाल्याला आदल्या रात्रीच विचारून ठेवलं होतं. त्याच्या शटरवर मी स्वतः डिझाइन केलेल्या पोस्टरचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) चिकटवलं आणि रस्ता ओलांडून समोर कटिंग घेऊन उभी राहिले. कोण कोण बघतंय ते मोजायचं, एवढंच काम.

हे मी नेहमी करत नाही. खरं सांगायचं तर तोवर कधीच केलं नव्हतं. पण या पोस्टरवर माझा जीव जडला होता आणि त्याचं कौतुक याचि डोळा बघावं असा मोह झाला.

काम होतं आपल्याच गावातल्या चार पोरांच्या पहिल्या अल्बमचं. एक गाणारा, एक हार्मोनियमवाला, एक गिटारवाला आणि एक संबळवाला. गाणारा अंबडला कंपनीत शिफ्ट करतो, बाकीच्यांचंही तसंच काहीबाही चालू. रेकॉर्डिंगचे पैसे चौघांनी पगारातून साठवलेले, त्यामुळे माझं मानधन मी आधीच निम्मं करून टाकलं होतं. अल्बमचं पूर्ण नाव इथे सांगत नाही. त्यात ‘वाऱ्यावर’ हा शब्द आहे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पोस्टर असं होतं: गोदाघाटावर तिन्हीसांजेला काढलेला फोटो, गडद निळं-काळं पाणी, त्यावर द्रोणातला एकच तेवता दिवा. वरच्या बाजूला चौघांचे कृष्णधवल चेहरे, कडा विरघळत गेलेल्या. खाली पांढऱ्या बारीक अक्षरांत नाव. त्याखाली आठ गाण्यांची यादी, क्यूआर कोड आणि सौजन्याची जत्रा. गिटारवाल्याच्या काकांचं मिठाईचं दुकान त्यात कसं आलं ते विचारू नका. स्क्रीनवर हे इतकं देखणं दिसत होतं की दोन दिवस माझ्या फोनचा वॉलपेपर तेच होतं.

पंचवीस मिनिटं गेली. एकाही माणसाने मान वळवली नाही. एक कॉलेजची मुलगी शटरपाशी थांबली, पण ती ओढणीची पिन नीट करायला.

मग एक आजोबा ॲक्टिव्हावरून आले. पोस्टरसमोर गाडी हळू केली, थांबवली, स्टँडला लावली. माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. पोस्टरला हात जोडले. मग अण्णांकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “कोण गेलं हो? चारही पोरं? गाडीचा अपघात झाला का?”

अण्णांनी समोर उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. मी रस्ता ओलांडून जाईपर्यंत आजोबांचा चेहरा पार उतरला होता. “गाणी आहेत आजोबा, त्यांची गाणी येतायत,” असं मी सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा पोस्टरकडे बघितलं, टोपी घातली आणि म्हणाले, “मग दिवा कशाला लावला?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मी त्या शटरसमोर उभं राहून पहिल्यांदाच ते पोस्टर आमच्या रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेने बघितलं. आपल्याकडे रस्त्यावर चेहरे लागतात ते ठरलेल्या कारणांनी: वाढदिवस, निवड, क्लासमध्ये पहिला आलेला पोरगा, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. पहिल्या तिन्हींत रंगांचा धिंगाणा असतो. चेहरा कृष्णधवल झाला, कडा विरघळल्या आणि खाली ज्योत आली की चौथंच उरतं. हे वाचायला कोणाला शिकवावं लागत नाही, लहानपणापासून चौकाचौकात आपण तेच वाचत आलोय. मी मात्र परदेशी अल्बमांची कव्हरं बघून बघून ती लिपी विसरले होते.

बरं, शब्दांनी तरी सावरायला हवं होतं ना? तर ते दिसतच नव्हते. आमच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: दर दहा फुटांना अक्षराची एक इंच उंची. गल्ली तीसेक फुटांची, म्हणजे नाव तीन इंचांचं हवं. माझ्या पोस्टरवर अल्बमचं नाव सव्वा इंचाचं, तेही मात्रा-वेलांट्यांसकट मोजून. देवनागरीत इथेच फसायला होतं. वर मात्रा, खाली उकार, यांच्यातच बरीच उंची जाते आणि मोजायचं असतं ते शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंत. तसं मोजलं तर पाऊण इंच भरेना. त्यात निळ्या-काळ्यावर बारीक पांढऱ्या रेघा. स्क्रीनवर प्रकाश आतून येतो म्हणून त्या चमकतात. कागदावर शाई त्यांच्या कडा खाते. आणि तो गहिरा निळा तर छापून जांभळट चिखल झाला होता, कारण स्क्रीनवरचे कितीतरी निळे छपाईच्या चार शायांना मुळात जमतच नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी डोळेझाक केली.

स्टुडिओत येऊन बसते तोच गाणाऱ्याचा फोन. आदल्या रात्री मी ग्रुपवर टाकलेलं पोस्टर त्याने स्टेटसला ठेवलं होतं. “ताई, सिन्नरहून मावशीचा फोन आला होता आईला. रडत होती.”

ते ऐकून मी हसले, मग लाजले, मग सातपूरच्या प्रेसवाल्या काकांना फोन लावला. छपाईच्या प्लेटा संध्याकाळी सहाला निघणार होत्या. काका म्हणाले, “सहा म्हणजे सहा. नंतर दिवाळी अंकाचं काम चढतंय, मग आठ दिवस मशीन विसरा.”

बारा वाजता चौघंही स्टुडिओत. गिटारवाल्याचं म्हणणं, चेहरे नकोत असं कसं, चेहऱ्यांशिवाय आम्हाला ओळखणार कोण? आणि त्याने हुकमाचा पत्ता टाकला: अमेरिकन गायक बॉब डिलनचं, मिल्टन ग्लेझर या डिझायनरने केलेलं ते जगप्रसिद्ध पोस्टर, त्यावर चेहराच आहे की! आहे, बरोबर आहे. पण त्यात डोळे नाहीत, हसू नाही. काळ्या सावलीची एक कड आहे आणि केसांतून रंगांचे लोट वाहतायत. शब्द एकच, त्याचं नाव. आणि दुसरी गोष्ट, ते पोस्टर १९६७ साली रेकॉर्डसोबत घडी घालून दिलं होतं. ज्याच्या घरात ते उघडलं गेलं त्याने रेकॉर्ड आधीच विकत घेतली होती. तुम्हाला अजून कोणी घेतलेलं नाही रे बाबांनो. हे जरा लागेल असं बोलले, पण बोलले.

“मग लावायचं काय?” हार्मोनियमवाला.

मी म्हटलं, गाणी लावा. तोवर मी आठपैकी तीनच ऐकली होती, तीही कामाच्या गडबडीत. फोटो बघून पोस्टर केलं होतं, ऐकून नाही. हा गुन्हा मी कबूल करते. चहा मागवला आणि आठही गाणी ओळीने ऐकली. आणि ऐकताना कळलं की दिवा, घाट, तिन्हीसांज यातलं काहीच या गाण्यांत नाही. गाणी उन्हातली आहेत. दुसऱ्या गाण्यापासून संबळ जे धरतो ते सोडत नाही. वणीच्या गडावर ज्यांनी नवरात्रात गोंधळ ऐकलाय त्यांना तो आवाज सांगायला नको, आधी छातीत वाजतो आणि मग कानात.

संबळवाला पोरगा तोवर गप्प होता. त्याने वाद्य सोबत आणलं होतं, शिफ्टनंतर कुठेतरी गोंधळाला जायचं होतं म्हणून. त्याने ते फरशीवर ठेवलं आणि मी खुर्चीतून वाकून वरून बघितलं. एक मोठं वर्तुळ, त्याला खेटून एक छोटं. बाजूला टोकाशी वळवलेली काठी.

झालं. आणखी शोधायची गरज नव्हती.

पुढचे साडेतीन तास फार भरभर गेले, सगळं सांगत नाही. कागद पांढराच ठेवला. दोन वर्तुळं, शेंदरी, सपाट, मोठं वर्तुळ कागदाच्या कडेबाहेर थोडं कापलेलं. त्यासाठी फाइलमध्ये चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जादा रंग सोडला, नाहीतर कटिंगला पांढरी पट्टी राहते. काठी काळी. नाव मी बोरूने कागदावर लिहिलं, स्कॅन केलं. तीन इंच, जाड, दोन ओळींत. गाण्यांची यादी उडाली. ती फोनवर दिसतेच, भिंतीवर कोण वाचणार? सौजन्यवाले सगळे एका ओळीत, फक्त नावं. मिठाईवाल्या काकांचा लोगो गेला, त्यावरून गिटारवाला अजून माझ्यावर थोडा नाराज आहे.

तारीख मात्र मोठी केली, वारासकट. शुक्रवार. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी यायचा पायंडा पडलाय, यांनीही तोच धरला होता.

क्यूआर कोडची वेगळीच गंमत. आधी तो काळ्यावर पांढरा होता, माझ्या फोनवर चालत होता. अण्णांच्या जुन्या फोनवर हूं की चूं नाही. उलट्या रंगांचा कोड सगळे फोन वाचत नाहीत. शिवाय पोरांनी दिलेली लिंक ही एवढी लांबलचक. अक्षरं जितकी जास्त तितके कोडातले ठिपके बारीक. लिंक छोटी केली, कोड पांढऱ्या पट्टीवर काळा केला, भोवती चार ठिपक्यांएवढी मोकळी जागा सोडली आणि तळाच्या कोपऱ्यातून उचलून मध्यावर आणला, उभ्या माणसाच्या हाताला येईल असा.

अल्बमचं कव्हरही बदलायचं ठरलं. गाण्यांच्या ॲप्ससाठी ते ३००० बाय ३००० पिक्सेलचं द्यावं लागतं खरं, पण लोक बघतात नखाएवढं. चार चेहरे त्या आकारात चार डाग होतात. दोन वर्तुळं दोन वर्तुळंच राहतात, आणि भिंतीवर बघितलेलं फोनवर ओळखू येतं. प्रदर्शनाला तीन आठवडे होते म्हणून हे जमलं.

साडेपाचला आयटीआय सिग्नलला अडकले, सहाला पाच कमी असताना प्रेसमध्ये. काकांनी दोनच रंग बघितले आणि खूश झाले. चार प्लेटांऐवजी दोन, आणि दोन-कलर मशीन रिकामंच होतं. शेंदरी त्यांनी वेगळा मिसळून घेतला. पिवळ्यात लाल घालत घालत, बोटाने कागदावर पुसून मला दाखवत. चौथ्या पुसण्याला दोघांची मान एकदम हलली.

प्लेट काढण्याआधी काका प्रिंटआउट घेऊन शब्द न् शब्द खालून वर मोठ्याने वाचतात. छपाईचे खिळे जुळवायच्या काळातली सवय. मी घड्याळ बघत होते. काका एकदम थांबले. “मॅडम, वारा मोडला तुमचा.”

बघितलं. मोठं नाव हातचं होतं, ते शाबूत. पण खालच्या बारीक ओळीत ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ झालं होतं. ती ओळ मी गाणाऱ्याच्या मेसेजमधून उचलली होती. त्याच्या कीबोर्डने हा ‘ऱ्या’ साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा लिहिला होता. प्रेसच्या जुन्या सॉफ्टवेअरने ते जोडचिन्ह गिळलं आणि र उडून य च्या डोक्यावर रफार होऊन बसला. तिथेच बसून ओळ नव्याने टाइप केली, अक्षरांचे आकार पुन्हा मोडू नयेत म्हणून गोठवले आणि फाइल पुन्हा दिली. सहा वाजून वीस मिनिटं. काका काही बोलले नाहीत. चहा मागवला, तोही माझ्या नावावर.

तीनशे प्रती. पोरांना त्या रात्रीतून उड्डाणपुलाच्या खांबांवर चिकटवायच्या होत्या. मी प्रत हातात द्यायच्या आधी नाही म्हणून घेतलं. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे, आणि तो नसता तरी पुलाच्या खांबावर आधीच इतकं काही आहे की आपलं तिथे हरवणार. वाद्यांची दुकानं, गाण्याचे क्लास, कॉलेज रोडचे कॅफे, वाचनालयं अशी यादी केली. जाऊन विचारायचं, हो म्हणाले तर लावायचं.

एक मात्र मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः नेलं. तेच शटर, तोच कटिंग. दहा मिनिटांत सात माना वळल्या. दोन पोरांनी गाडी चालवता चालवता एकमेकांना दाखवलं. एका बाईंनी क्यूआरला फोन लावला, तो चालला.

मग पाठीवर दप्तर लावलेला आठवी-नववीतला एक मुलगा आला, पोस्टरसमोर बराच वेळ उभा राहिला आणि अण्णांना म्हणाला, “काका, संबळचा क्लास कुठे आहे? फी किती?”

अण्णांनी पुन्हा माझ्याकडे बोट दाखवलं. मी संबळवाल्याला फोन लावला.