परवानगीच्या अर्जात न मावणारे मॉडेल : माझा अनुभव

अनेक सेवांनी मिळून बनलेल्या एका सॉफ्टवेअरची चाचणी सिस्टिम्स थिंकिंगच्या पद्धतीने, म्हणजे आधी संपूर्ण यंत्रणेचे मॉडेल मांडून, करण्याचे काम माझ्याकडे होते. मॉडेल तयार झाले, त्यातून चाचण्या निघाल्या आणि दोषही सापडला. मात्र सामाईक चाचणी-सर्व्हर वापरण्याची परवानगी मिळवताना जो मनस्ताप झाला, तो अजून मनातून गेलेला नाही, आणि हे लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

ऑर्डर, पेमेंट आणि साठा या सेवांच्या स्वतंत्र चाचण्या उत्तीर्ण होत होत्या. तरीही गर्दीच्या वेळी सारी यंत्रणा ठप्प होत असे आणि गर्दी ओसरल्यावरही रिस्टार्ट केल्याशिवाय सावरत नसे. असे दोष कोणत्याही एका भागात नसतात, ते भागांच्या परस्परसंबंधात असतात. डिसेंबर १९९९ मध्ये मंगळावर उतरताना गमावलेल्या मार्स पोलर लँडरबाबत चौकशीतून पुढे आलेले सर्वांत संभाव्य कारण याच प्रकारचे होते : यानाचे पाय उघडताना बसलेल्या हिसक्यामुळे सेन्सरने जमिनीला टेकल्याचा क्षणिक संकेत दिला, सॉफ्टवेअरने तो खरा मानला आणि उंचावर असतानाच इंजिने बंद केली.

आमच्या मॉडेलमधले चक्र साधे होते. विलंब वाढला की टाइमआउट होतात (ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याने विनंती सोडून दिली जाते), टाइमआउट झाले की रिट्राय होतात (तीच विनंती पुन्हा पाठवली जाते), रिट्रायमुळे भार वाढतो आणि भारामुळे विलंब आणखी वाढतो. एकाखाली एक असलेल्या तीन थरांपैकी प्रत्येक थर खालच्या थराकडे एकूण तीन वेळा प्रयत्न करत असेल, तर वापरकर्त्याच्या एका विनंतीमागे तळाच्या डेटाबेसवर २७ विनंत्या जाऊ शकतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम (प्रक्रियेत असलेल्या सरासरी विनंत्या म्हणजे त्या येण्याचा वेग गुणिले प्रत्येकीला लागणारा वेळ) येथे फार उपयोगी पडतो : सेकंदाला १०० विनंत्या येत असतील आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद लागत असेल, तर सरासरी २० विनंत्या एका वेळी प्रक्रियेत असतात. तोच वेळ २ सेकंद झाला की त्या २०० होतात. एका वेळी वापरता येणारी कनेक्शन ५० असतील तर पुढे काय होणार, हे कागदावरच दिसते.

हे पडताळण्यासाठी सर्व्हर हवा होता आणि सर्व्हरसाठी अर्ज. त्या अर्जात मॉड्यूलचे (सॉफ्टवेअरच्या एका भागाचे) नाव, इनपुट, अपेक्षित आउटपुट, रिक्वायरमेंटचा क्रमांक आणि टेस्ट केसची एकूण संख्या एवढेच रकाने होते. चक्राला मॉड्यूल नसते, आणि मॉडेलमधून घटनाक्रम हवे तितके काढता येत असल्यामुळे एकूण संख्येलाही अर्थ नसतो. मी आकृती जोडून अर्ज पाठवला, तो ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आला. सविस्तर टिपण जोडले, तरी शेरा तोच राहिला. परत आलेला प्रत्येक अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी जात होता, आणि दरम्यान प्रत्यक्ष वापरातली यंत्रणा ठप्प होतच होती. आकृती चुकीची आहे, असे कोणी म्हणाले असते तर वाद घालता आला असता. परंतु ती कोणी उघडूनच पाहिली नव्हती, आणि याचा राग मला आजही येतो. संपूर्ण यंत्रणेच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या प्रक्रियेत संपूर्ण यंत्रणेविषयीच्या प्रश्नाला जागाच नसावी, ही माझ्या मते गंभीर उणीव आहे.

अखेर अर्ज तपासणाऱ्या व्यक्तीची प्रत्यक्ष भेट मागितली आणि तिच्यासमोर बसून एकेक रकाना भरला. मॉड्यूलच्या जागी ‘ऑर्डर ते पेमेंट जोडणी’ असे लिहिले. इनपुट म्हणून डेटाबेसच्या उत्तरात मुद्दाम घातलेला विलंब दाखवला, तर अपेक्षित आउटपुट म्हणून एकच विधान दिले : हा विलंब काढून घेतल्यानंतर ठरलेल्या मुदतीत प्रतिसादाचा वेळ मूळ पातळीवर आला पाहिजे. संख्येच्या रकान्यात मॉडेलमधल्या प्रत्येक संक्रमणासाठी (एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्यासाठी) एक याप्रमाणे आकडा घातला. अर्ज मंजूर झाला. त्या एका विधानाचा मला अभिमान आहे, कारण यंत्रणेकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, हे त्यापूर्वी कोणीच लिहून ठेवलेले नव्हते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : मॉडेल काढण्यापूर्वी रात्री-अपरात्री बिघाड निस्तरणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलावे, कारण कोणता टाइमआउट कागदावर किती आहे आणि प्रत्यक्षात किती आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

चाचणीत विलंब काढून घेतल्यावरही यंत्रणा सावरली नाही. निव्वळ रिट्रायच्या भाराखाली ती अडकून राहिली. त्यानंतर रिट्राय फक्त सर्वांत वरच्या थरात ठेवले, दोन प्रयत्नांमधले अंतर वाढते आणि थोडे अनियमित केले, आणि एकूण रिट्रायवर मर्यादा घातली. तीच चाचणी पुन्हा चालवली तेव्हा प्रतिसादाचा वेळ मुदतीच्या आत पूर्ववत झाला. ही चाचणी करणाऱ्यांनी विलंब काढल्याबरोबर नोंदी थांबवू नयेत. पाहण्याजोगे जे असते, ते त्यानंतरच घडते.