ऊन लागलं म्हणून

नवतपा चालू होता. त्या नऊ दिवसांत नागपुरात दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि दवाखान्यात येणारा प्रत्येक जण ‘ऊन लागलं’ म्हणूनच येतो. महाल भागातल्या एका काकूंचा मुलगाही तेच सांगत आला. “आईले ऊन लागलं जी सिस्टर. दोन दिवसांपासून जुलाब, उलट्या, अन् चालताना झोक जातो.”

आमच्या मानसोपचार वॉर्डाला काकू नव्या नव्हत्या. बायपोलर, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारासाठी, सात-आठ वर्षं लिथियमची गोळी चालू होती आणि त्यावर तब्येत छान टिकली होती. ताप नव्हता. मी नोंदीत लिहिलं, ‘हात थरथरतात, जुनंच.’ हे ‘जुनंच’ मुलाच्या तोंडचं. मी स्वतः हात पाहिलेच नव्हते.

संध्याकाळी मावशींनी चहा दिला. काकूंनी कप उचलला तशी बशी खडखड वाजायला लागली, अर्धा चहा पदरावर सांडला. लिथियम घेणाऱ्यांची बोटं बारीक कापतात, सुई ओवताना जाणवेल इतपत. इथे मनगटापासून अख्खा हात हलत होता. नाव विचारलं तर जीभ अडखळली, आणि वार बुधवार असताना सोमवार सांगितला.

मी मुलाला बाहेर बोलावून गोळ्यांची पिशवी उलटी करायला लावली. त्यात डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळीची पट्टी निघाली. गुडघ्यासाठी, मेडिकलमधून, दहा दिवस सकाळ-संध्याकाळ. “अन् जेवण?” “बीपी थोडं वाढलं होतं, तर महिनाभरापासून मीठ बंदच केलं जी.”

लिथियम हाही एक क्षारच. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवते, आणि त्याच्यासोबत लिथियमही. डायक्लोफिनॅकने ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. रक्तात ते साधारण ०.६ ते १.२ च्या मध्ये हवं, १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती. म्हणजे जुलाबांमुळे लिथियम वाढतं, आणि लिथियम वाढलं की जुलाबही होतात. काकूंच्या बाबतीत आधी काय झालं, कोण सांगणार! उन्हाच्या नावावर सगळं खपून जात होतं.

रात्री नऊची गोळी ट्रेमध्ये निघाली होती. ती मी दिली नाही, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “थांबवा. सलाइन लावा, लेव्हल आणि क्रिएटिनिन पाठवा.” म्हणजे रक्तातलं लिथियम आणि किडनीचं काम तपासायचं. एरवी लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतात, पण असा संशय असला की थांबायचं नसतं, शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ तेवढी फॉर्मवर लिहायची. लॅबच्या पोराने हाताला आली ती हिरव्या झाकणाची ट्यूब काढली. मी त्याचा हातच धरला. त्या ट्यूबमध्ये लिथियम हेपॅरिन असतं, मग आकडा खोटाच वाढून येणार. “लाल झाकणाची काढ रे बाबा.”

अकराला रिपोर्ट आला, २.४. क्रिएटिनिनही वाढलेलं. डायलिसिसची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात काकूंना त्याच रात्री हलवलं. फाइल सोबत द्यायच्या आधी ती नोंद पुन्हा वाचली. लिहिलेलं खोडता येत नाही. खाली वेळ घालून नवी ओळ लिहिली, ‘मनगटापासून मोठा कंप, नवा.’

दीड महिन्याने काकू ओपीडीत आल्या. हात जवळजवळ स्थिर. मुलाने गोळ्यांची पिशवी न विचारताच टेबलावर ठेवली.

“सिस्टर, गुडघा तर दुखतेच हो. आता काय घेऊ?”

“पॅरासिटामॉल चालेल, पण मनाने नाही. आत डॉक्टरांना विचारा, लिथियम चालू आहे हे आधी सांगून.”

“अन् ताकात मीठ टाकू ना थोडं? महिनाभर पोट्ट्याने मले बेचव खाऊ घातलं, बाप्पा!”